डोळ्यांदेखत दळलेलं

आमच्या सासूबाई तयार पिठाची पिशवी घरात येऊ देत नाहीत. गहू निवडून, डबा भरून त्या स्वतः नारायण पेठेतल्या गिरणीत जातात आणि दळण होईपर्यंत तिथेच उभ्या राहतात. डबा ठेवून घरी यायचं आणि सावकाश घेऊन यायचा, हा प्रकार त्यांना मान्य नाही. गिरणीवाल्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आधी कोणाचं दळण होतं?" आधी ज्वारी झाली असेल तर त्या थांबतात आणि दुसऱ्या कोणाचा तरी गहू आपल्या आधी लावायला सांगतात. गिरणीत अडकून राहिलेलं आधीच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात उतरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. गिरणीवालाही त्यांना पक्कं ओळखतो. त्या येताना दिसल्या की तो रेडिओचा आवाज वाढवतो.

लग्न होऊन मी यवतमाळहून या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं की हा संशय खास माझ्यासाठी राखून ठेवलाय. मी फोडणीत काय घातलं, चहात किती साखर घातली, बाजारातून आणलेले बटाटे मी स्वतः निवडले की भाजीवाल्याने निवडून दिले, सगळ्याची चौकशी व्हायची. पुढे कळलं की त्यात भेदभाव काही नाही. दूधवाला, रिक्षाचा मीटर, हवामानाचा अंदाज आणि सून, सगळे एकाच रांगेत उभे. खरं सांगायचं तर मीही काही कमी नाही. माझं पोट संशयावरच चालतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम आहे, आणि "चालतंय की व्यवस्थित" असं कोणी म्हटलं की माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आम्ही राहिलो, पण खणखणाट रोज होता.

बाबा, म्हणजे माझे सासरे, या खणखणाटाच्या मधोमध पेपर उघडून बसायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते तिरकं. मी पहिल्यांदा वांग्याची भाजी केली तेव्हा शांतपणे दोन पेले पाणी पिऊन म्हणाले, "नकाशात विदर्भ इतका तिखट दाखवत नाहीत." जेवायला काय करू असं विचारलं तर म्हणायचे, "कालचं संपवायची संधी द्या." त्यांना काय हवंय हे त्यांच्या तोंडून कधी कळत नसे. ते ओळखायचं, किंवा सोडून द्यायचं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, वाचताही यायचं, पण जिभेवर शब्द येत नव्हता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दवाखान्यात न्यायचं तेव्हा खाली-वरची चार माणसं त्यांना खुर्चीत बसवून उतरवत. एरवी खिडकीपाशी बसून रस्त्याकडे बघायचं, बस. रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणारा माणूस तो.

मी आणि नवऱ्याने कात्रजला एक घर घेतलं होतं. तळमजला, दार उघडलं की सोसायटीची बाग. त्याचा ताबा नुकताच मिळाला होता आणि सगळ्यांनी तिकडे जावं असं मला वाटत होतं. सासूबाईंना वाटत नव्हतं.

"कात्रजला आहे काय? साप."

"अहो आई, ते सर्पोद्यान आहे."

"तेच म्हणतेय मी."

बाबांचं मत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी ते सांगणार कसं?

म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. हॉलमध्ये नवऱ्याच्या कॉलेजच्या काळातला डेस्कटॉप होता. तो रखडत चालायचा, म्हणून मी त्यावर लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि एक टच स्क्रीन जोडला. रोजची वाक्यं लिहून एका छोट्या डेटाबेसमध्ये भरली : तहान लागली, रेडिओ लावा, पंखा बंद करा, मला गॅलरीत जायचं आहे. डाव्या बोटाने एक अक्षर दाबलं की त्याला जुळणारी वाक्यं समोर येणार, हव्या त्या वाक्यावर बोट ठेवलं की मशीन ते मोठ्याने बोलणार. मराठीत बोलणारा फुकटचा आवाज बाईचाच मिळाला. "हे आता बाईच्या आवाजात बोलणार?" असं सासूबाईंनी विचारलं. बाबांनी तोंडाच्या चालणाऱ्या बाजूने हसून घेतलं. डेटाबेसमधून शोधून देणारी लायब्ररी, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमांनी वापरायचा एक बांधीव भाग, ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर तयारच आली होती. मी तीच वापरली.

पहिले काही दिवस पाणी, पंखा आणि रेडिओ एवढंच चाललं. मग एका दुपारी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि मी शेजारी लॅपटॉपवर काम करत होते, तेव्हा बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि ती बाई सपाट आवाजात म्हणाली, "मला कात्रजला जायचं आहे."

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "हे वाक्य त्यात कोणी घातलं?"

"मी."

"मग झालं तर."

मी म्हटलं की वाक्यं सगळीच मी घातलीत, निवडलं मात्र बाबांनी. त्या उठल्या, हात पुसले आणि स्क्रीनपुढे जाऊन बसल्या. 'त' दाबलं. तहान लागली हे वाक्य वर यायला हवं होतं. वर आलं कात्रज. 'र' दाबलं. रेडिओ खाली, कात्रज वर. 'क' आणि 'ज' यांचं तर विचारूच नका.

"घोटभर पाणी मागितलं तरी तुझं मशीन माणसाला कात्रजला पाठवतंय," त्या म्हणाल्या. "ह्यांचा काय दोष? वर दिसेल त्यावर बोट ठेवणार."

त्यांनी दाखवलं ते खरं होतं, आणि मला त्याचं कारण माहीत नव्हतं. मला कात्रजला जायचंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मशीन मी बनवलेलं, वाक्य मी घातलेलं, आणि तेच नेमकं सगळ्यांच्या वर. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. कदाचित जास्त बोलले असते.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी त्याला आडून आडून विचारलं, तू त्या मशीनला हात लावला होतास का.

"मला ते उघडतासुद्धा येत नाही," तो म्हणाला. "तुझा माझ्यावर संशय आहे?"

"सगळ्यांवर आहे. तू रांगेत आहेस."

तो जेवण उरकून लगेच उठला. मला वाईट वाटलं, पण संशय गेला नाही. तो प्रोग्रॅमच्या फाइलांच्या तारखा बघितल्यावर गेला. त्यांना माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता.

मग खरं कारण सापडलं. तयार लायब्ररी इंग्रजीच्या सवयीने चालत होती. मराठी शब्द तिच्या हाती पडला की ती काना-मात्रा-वेलांटीपाशी त्याचे तुकडे करायची आणि प्रत्येक तुकडा वेगळा शब्द समजायची. कात्रजच्या वाक्याचे भरपूर तुकडे पडत होते, म्हणून ते वाटेल त्या अक्षराला सापडायचं. शिवाय मी ते सगळ्यांत शेवटी भरलं होतं, आणि बरोबरी झाली की शेवटचं वर येत होतं. मराठी शब्द कुठे संपतो हे कळायची सोय त्या लायब्ररीत होती, पण तयार मिळते तिच्यात ती बंद ठेवलेली. ती चालू करायची तर मूळ कोड आणून लायब्ररी स्वतः कंपाइल करायची, म्हणजे त्या कोडपासून मशीनला चालणारी फाइल घरीच बनवायची. दुसरा रस्ता नव्हता.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना त्यातलं एकच कळलं, पण नेमकं कळलं.

"म्हणजे इतके दिवस तयार आणलेलं वापरत होतीस. कोणी बनवलेलं?"

"असतात जगभरातली माणसं."

"म्हणजे कोणी नाही. मूळ आण, आणि जे करायचं ते माझ्यासमोर कर."

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर त्या खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसल्या. गिरणीत घालतात तोच चष्मा घातला होता. बाबा खिडकीपाशी पेपर उघडून बसले होते. मी मूळ कोड उतरवून घेतला. त्याच्याबरोबर अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक ओळ येते. आपल्या फाइलवरून काढलेली ओळ तिच्याशी तंतोतंत जुळली तर वाटेत कोणी भेसळ केलेली नाही असं समजायचं. मी एरवी पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून पुढे जाते. सासूबाईंनी सगळी वाचायला लावली. मी एक ओळ वाचत होते, त्या दुसऱ्या ओळीवर बोट फिरवत होत्या. जुळली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्या धंद्याबद्दल थोडा आदर दिसला.

पहिल्या खेपेला काम मध्येच थांबलं. मराठी शब्द ओळखणारा आणखी एक भाग लागतो, तो मशीनवर नव्हता. तो मी नेटवरून उतरवला.

"हाही मूळ?"

"नाही, हा तयार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आई, हिंग तुम्ही तयारच आणता ना?"

त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मी पुन्हा कमांड दिली. मशीनचा पंखा जोरात घोंघावू लागला आणि स्क्रीनवरून ओळी सरकायला लागल्या. मधूनच एखादी ओळ जांभळ्या रंगात येई.

"ती रंगीत काय म्हणतेय?"

"इशारे असतात. काही होत नाही."

"ते इशारे देतंय आणि तू पुढे चाललीस?"

मग मी प्रत्येक इशारा वाचून, त्याचा अर्थ सांगून, तो का सोडून द्यायचा हेही सांगितलं. ऑफिसात माझ्या कामाची इतकी कडक तपासणी कोणी केलेली नाही. शेवटी लायब्ररी तयार झाली. मी प्रोग्रॅम नव्याने सुरू केला आणि 'त' दाबलं.

कात्रज.

सासूबाईंनी स्वतः पुन्हा दाबून बघितलं, पुन्हा कात्रज. मला आता मशीनचा संशय यायला लागला, कोडचा, त्या जुळलेल्या ओळीचा, आणि थोडा माझाही. मीच नकळत काही करून ठेवलंय का? सगळं बाजूला ठेवून मी प्रोग्रॅमलाच विचारलं की तू कोणत्या आवृत्तीची लायब्ररी वापरतोयस. त्याने जुन्या आवृत्तीचा आकडा सांगितला. नवी लायब्ररी आपल्या फोल्डरमध्ये गपगुमान पडून होती आणि प्रोग्रॅम सवयीने जुन्या जागी जाऊन जुनीच उचलत होता. सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं.

"म्हणजे दळण आपलं दळलं," त्या म्हणाल्या, "आणि पोळ्या जुन्या डब्यातल्या पिठाच्या केल्या."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. मी प्रोग्रॅमला नव्या लायब्ररीचा रस्ता दाखवला, बरोबरी झाली तर आधी भरलेलं वर येईल असं करून वाक्यं नव्याने भरून घेतली, पुन्हा आवृत्ती विचारली. या वेळी नवा आकडा आला. मग सासूबाईंनी एकेक अक्षर दाबून परीक्षा घेतली. 'त'ला तहान, 'र'ला रेडिओ, 'प'ला पंखा. 'म'ला 'मला'पासून सुरू होणारी सगळी : दवाखाना, गॅलरी, बाथरूम, आणि कात्रज आपल्या जागी, पार तळाशी.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या. त्यांच्या मते विषय संपला होता. त्यांनी बाबांची खुर्ची ढकलत स्क्रीनपुढे आणली. "घ्या. आता काय हवं ते सांगा."

बाबांनी बोट उचललं. 'म' दाबलं. वाक्यं आली. बोट दवाखान्यावरून, गॅलरीवरून, बाथरूमवरून खाली खाली गेलं आणि तळाशी थांबलं.

"मला कात्रजला जायचं आहे," बाई म्हणाली.

माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात कपबशी घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला. मला वाटलं होतं की असं झालं तर मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. सासूबाईंचा चेहरा मला बघवेना.

"मशीन चोख असेल," त्या म्हणाल्या. "पण वाक्य कोणाचं?"

"माझं."

"हे असं कधी बोललेत का? मला जायचं आहे, मला हवं आहे. इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून 'मला' हा शब्द मी ऐकलेला नाही. ही तुझी भाषा आहे."

त्या बरोबर बोलत होत्या. भाषा माझीच होती. वाक्यं लिहिताना मी माझ्या सोयीची, सरळ, पाठ्यपुस्तकातली वाक्यं लिहिली होती, आणि बाबांना त्यांतूनच निवडायला लावलं होतं. माझ्याच मनातली गोष्ट माझ्याच शब्दांत त्यांच्या बोटावाटे परत आली, तर तिच्यावर मी तरी का विश्वास ठेवावा? लायब्ररी घरी कंपाइल करून शोध चोख झाला होता. शोधायला आत जे ठेवलं होतं ते माझंच होतं. कदाचित बाबांना खरंच जायचं असेल. कदाचित मला खूश करायचं असेल. कदाचित बोट तळाशी जाऊन थकलं असेल.

"मग सगळी वाक्यं काढून टाक," सासूबाई म्हणाल्या. "एक ठेवू नकोस."

मी काढून टाकली. स्क्रीनवर नुसती अक्षरं उरली. असं अक्षर-अक्षर लिहायला बाबांना सुरुवातीला दिलं होतं, पण बोट थरथरायचं, चुकायचं, एका शब्दाला युग लागायचं. डॉक्टर म्हणाले की तयार वाक्यं द्या. आम्हालाही ते पटलं, कारण तेवढा वेळ थांबायचा धीर घरात कोणाला नव्हता.

सासूबाई बाबांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. उभं राहायची त्यांना सवय आहे.

बाबांनी 'व' दाबलं. वेलांटी शोधली, चुकून मात्रा लागली, ती पुसली. मला मदत करावीशी वाटली आणि माझा हात पुढे गेलाही. सासूबाईंनी तो धरला. दूध उतू जायला आलं तेव्हा नवऱ्याने आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन उभा राहिला. अक्षराशेजारी अक्षर येत होतं. आम्ही तिघं वाचत होतो, पण पुढचं ओळखायचा प्रयत्न कोणी केला नाही. निदान मी केला नाही, मला माझाच भरवसा राहिला नव्हता. शेवटी बाबांनी बोलायचं बटण दाबलं.

"विश्वास नसेल तर सोबत ये," बाई म्हणाली. "लक्ष ठेव."

सासूबाईंनी माझा हात सोडला. त्या वाकून स्क्रीनवरची अक्षरं वाचायला लागल्या, चष्मा काढून, पुसून पुन्हा वाचली. बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते, आणि तोंडाची चालणारी बाजू किंचित वर गेली होती.

"हे मात्र ह्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "एवढा खवचटपणा तुला जमायचा नाही."

"नाही जमायचा," मी म्हटलं.

त्यांनी दुपारसाठी आणलेल्या मेथीची पाटी ओढून घेतली आणि निवडायला लागल्या. कुठेतरी खाली कोणी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग त्यांनी मान वर न करता मला विचारलं,

"कात्रजला गिरणी आहे का? आणि समोर उभं राहू देतात का?"